सगळंच भडक केलं तर नजरेत काय भरणार? फोटो आणि पोस्टरमध्ये रंगाने जोर कसा द्यावा

आजकाल मोहल्ल्यात काहीही ठरलं की तासाभरात त्याचं पोस्टर व्हॉट्सॲपवर येतं. शिष्यवृत्तीचे अर्ज, रक्तदान शिबिर, रमजानचं वेळापत्रक, घरगुती डब्यांची जाहिरात, निकाहची दावत, हरवलेल्या मुलाचा फोटो, सगळं मोबाईलवरच तयार होतं. ही चांगलीच गोष्ट आहे. पूर्वी यासाठी डीटीपीवाल्याकडे चकरा माराव्या लागायच्या. आता दहावीतली मुलगीही घरबसल्या हे काम करते.

पण यातली बरीच पोस्टरं नीट पाहिली तर एक अडचण दिसते. हिरव्या पार्श्वभूमीवर पिवळं शीर्षक, त्याखाली लाल ओळ, बाजूला निळी चौकट, देणगीदारांचे सहा फोटो, प्रत्येक नावाभोवती सोनेरी चमक. आणि ज्या एका गोष्टीसाठी हा सगळा खटाटोप केला, ती अर्जाची शेवटची तारीख, खालच्या कोपऱ्यात बारीक लाल अक्षरांत. आपण पोस्टर बघतो, ‘माशाअल्लाह’ लिहितो, पुढे पाठवतो. तारीख वाचायची राहूनच जाते. एखाद्या गरजू मुलीचा अर्ज राहिला तर वर्षभराच्या फीचा प्रश्न उभा राहतो. त्यामुळे रंग कुठे आणि किती वापरायचा, हा फक्त सजावटीचा विषय नाही.

डोळा आधी काय पाहतो?

आपल्या डोळ्याच्या पडद्यावर रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या असतात. त्यांना शंकूपेशी म्हणतात. पण डोळा चित्र पाहताना प्रत्येक रंगाची वेगळी नोंद ठेवत बसत नाही. तो आधी फरक शोधतो. आजूबाजूपेक्षा वेगळं काय आहे, तिथे नजर पहिली जाते. पांढऱ्या कपड्यातल्या शंभर नमाजींच्या सफेत एकाने लाल स्वेटर घातला असेल, तर तो शोधावा लागत नाही, आपोआप दिसतो. तेच सगळ्यांनी वेगवेगळे रंगीत स्वेटर घातले असतील तर लाल स्वेटरवाला गर्दीत हरवतो. स्वेटर तोच आहे, बदलला तो शेजार.

१९३३ मध्ये हेडविग फॉन रेस्टोर्फ या जर्मन मानसशास्त्रज्ञ बाईंनी दाखवून दिलं की एकसारख्या गोष्टींच्या यादीत एखादी गोष्ट वेगळी असेल तर माणसाला तीच जास्त लक्षात राहते. रंगाने जोर देण्याचं सगळं तंत्र या एका नियमावर उभं आहे. जोर रंगामुळे येत नाही, तो वेगळेपणामुळे येतो. आणि वेगळेपण टिकवायचं तर बाकीच्यांनी शांत राहावं लागतं.

रंगाचे तीन गुण

फोटो सुधारण्याच्या कुठल्याही ॲपमध्ये रंगाची तीन बटणं हमखास सापडतात. ती समजली की निम्मं काम झालं.

पहिली छटा, म्हणजे रंग लाल आहे, हिरवा आहे की निळा. ॲपमध्ये याला ‘ह्यू’ म्हणतात. दुसरा रंगाचा भडकपणा, म्हणजे ‘सॅच्युरेशन’. हे शून्यावर आणलं की कुठलाही रंग राखाडी होतो. तिसरा उजळपणा, म्हणजे तोच रंग अंधारात आहे की उजेडात.

मोबाईल आणि संगणकाचा पडदा प्रत्येक रंग लाल, हिरवा आणि निळा या तीन प्रकाशांतून बनवतो. प्रत्येकाला ० ते २५५ असे २५६ टप्पे असतात. २५६ गुणिले २५६ गुणिले २५६ केलं तर १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ रंग होतात. एवढे रंग हाताशी आहेत म्हणून सगळे एकाच पोस्टरवर ओतायचे नसतात, इतकंच लक्षात ठेवायचं.

बहुतेक लोक जोर द्यायचा म्हटलं की फक्त छटा बदलतात. काळ्याचं लाल केलं, झालं. पण डोळ्याला सगळ्यात आधी कळतो तो उजळपणातला फरक. म्हणून गडद पार्श्वभूमीवर उजळ अक्षरं किंवा उजळ पार्श्वभूमीवर गडद अक्षरं ठेवली की निम्मा जोर तिथेच मिळतो. रंग त्यानंतर येतो.

शेजार बघून रंग ठरतो

पॅरिसमध्ये गोबेलिन्स नावाचा विणकामाचा प्रसिद्ध कारखाना आहे. तिथल्या रंगाई विभागाचे प्रमुख मिशेल युजेन शेव्हरल हे रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांच्याकडे तक्रार आली की विणलेल्या कापडात काळा रंग फिका दिसतो. तपासल्यावर कळलं की काळ्या धाग्यात काहीच खोट नव्हती. शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे तो मरगळलेला दिसत होता. यावर त्यांनी १८३९ मध्ये मोठा ग्रंथ लिहिला. एक रंग शेजारच्या रंगामुळे वेगळाच भासतो, हा त्याचा गाभा.

आपल्या परंपरेतही याची सुंदर उदाहरणं आहेत. कुरआन शरीफच्या सुरुवातीच्या शतकांतल्या कूफी लिपीतल्या हस्तलिखितांत अक्षरं काळ्या-तपकिरी शाईत आणि स्वरचिन्हं लाल ठिपक्यांनी दाखवलेली आढळतात. मूळ अक्षर कोणतं आणि वाचणाऱ्याच्या मदतीसाठी दिलेली खूण कोणती, हे एका नजरेत कळावं अशी ही सोय. आज अनेक घरांत मुलांच्या हाती तजवीदचा रंगीत मुसहफ असतो. त्यात गुन्ना, कलकला, मद यांना वेगवेगळे रंग दिलेले असतात आणि कुठला रंग कशासाठी याची सूची पानाच्या खाली दिलेली असते. पण नीट पाहा, पानावरची बरीचशी अक्षरं काळीच असतात. म्हणूनच रंगीत अक्षर आलं की मूल तिथे थबकतं. प्रत्येक अक्षर रंगवलं असतं तर ही सोय राहिली नसती.

‘निळा कुरआन’ म्हणून ओळखलं जाणारं एक जुनं हस्तलिखित आहे. गडद निळीच्या रंगात बुडवलेल्या चर्मपत्रावर सोन्याची अक्षरं. निळ्या शेजारामुळे सोनं उजळून निघतं. हेच सोनं फिकट पिवळ्या कागदावर लावलं असतं तर ते उठून दिसलं नसतं.

सिनेमाने शिकवलेला धडा

के. आसिफ यांचा ‘मुगल-ए-आझम’ १९६० मध्ये आला. बराचसा चित्रपट कृष्णधवल होता, काही रिळं मात्र रंगीत होती. त्यात शीशमहालातलं गाणं होतं. बराच वेळ काळं-पांढरं जग पाहिल्यावर अनारकली बादशहासमोर निडरपणे उभी राहते आणि पडदा रंगांनी भरून जातो. रंग आला तो नेमका कथेच्या सर्वात धाडसी क्षणी. २००४ मध्ये हा चित्रपट पूर्ण रंगीत करून पुन्हा प्रदर्शित झाला. तो बघायला देखणा आहे, पण सगळंच रंगीत झाल्यावर शीशमहालात अचानक रंग फुलण्याचा तो धक्का उरत नाही.

दुसरं उदाहरण १९९३ च्या ‘शिंडलर्स लिस्ट’चं. स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा हा चित्रपट जवळजवळ संपूर्ण कृष्णधवल आहे. नाझी सैनिक क्राकोवमधली ज्यूंची वस्ती रिकामी करत असताना गर्दीत एक लहान मुलगी चालताना दिसते. तिचा कोट तेवढा लाल. हजारोंच्या कत्तलीत एका मुलीवर आपली नजर खिळते. पुढे तोच लाल रंग मृतदेहांच्या गाडीत दिसतो, तेव्हा वेगळं काही सांगावं लागत नाही.

प्रत्यक्षात कसं करायचं?

आता हेच आपल्या फोटोवर करून पाहू. समजा घरगुती डब्याचा व्यवसाय आहे आणि बिर्याणीचा फोटो टाकायचा आहे. फोटो स्वयंपाकघरात ट्यूबलाइटखाली काढला असेल तर सगळ्यावर हिरवट किंवा निळसर झाक येते.

पहिली पायरी, ती झाक काढा. प्रत्येक ॲपमध्ये ‘व्हाइट बॅलन्स’ असतं. पांढरी प्लेट पांढरी दिसेपर्यंत ते हलवा. शक्य असेल तर फोटो खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात काढा, म्हणजे ही पायरी जवळजवळ लागतच नाही.

दुसरी पायरी, गर्दी शांत करा. मागे रंगीत टेबलक्लॉथ, डबे, स्टीलची भांडी असतील तर त्यांचा भडकपणा आणि उजळपणा कमी करा. इथे बहुतेकजण उलटं करतात. बिर्याणी उठून दिसावी म्हणून तिचाच रंग वाढवत नेतात, शेवटी भात शेंदरी दिसायला लागतो. आधी बाकीचं खाली आणलं तर बिर्याणीला फारसा हात लावावाच लागत नाही.

तिसरी पायरी, आता बिर्याणीवर थोडासा उजेड आणि अगदी थोडा रंग. पूर्ण फोटोचं ‘सॅच्युरेशन’ वाढवू नका. त्याऐवजी ‘व्हायब्रन्स’ मिळत असेल तर ते वापरा. ‘सॅच्युरेशन’ सगळे रंग सारखेच भडक करतं, ‘व्हायब्रन्स’ मुख्यतः फिके रंग उचलतं. फोटोत माणसं असतील तर चेहरे त्यामुळे एकदम तांबडे पडत नाहीत.

मोबाईलवर हे करायला स्नॅपसीड हे मोफत ॲप आहे. त्यातल्या ‘सिलेक्टिव्ह’ साधनाने एका जागेवर बोट ठेवून तेवढ्याच भागाचा उजेड आणि रंग कमी-जास्त करता येतो.

पूर्ण फोटो काळा-पांढरा आणि एकच वस्तू रंगीत, असं हवं असेल तर संगणकावर गिंप हे मोफत सॉफ्टवेअर आहे. रीत सोपी आहे. फोटोच्या थराची, म्हणजे ‘लेयर’ची, एक नक्कल करा. वरच्या थराचा रंग ‘डीसॅच्युरेट’ने काढून टाका. त्या थराला पांढरा ‘लेयर मास्क’ जोडा. आता काळा ब्रश घेऊन हव्या त्या वस्तूवर फिरवा. जिथे काळा ब्रश फिरेल तिथे वरचा राखाडी थर लपतो आणि खालचा रंग दिसतो. चुकून बाहेर गेलं तर पांढरा ब्रश फिरवा, पुन्हा राखाडी होईल. मूळ फोटोला धक्काही लागत नाही. फोटोशॉपमध्ये आणि ब्राउझरमध्ये चालणाऱ्या फोटोपीमध्येही हीच पद्धत आहे.

मात्र ही क्लृप्ती जपून वापरावी. निकाहच्या अल्बममध्ये मेंदीच्या हातांचा एखादा फोटो असा केला तर छान वाटतो. प्रत्येक पानावर तेच केलं तर कंटाळा येतो.

पोस्टर करताना

पोस्टरला बसण्याआधी स्वतःला विचारा, बघणाऱ्याने एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती कोणती? शिष्यवृत्तीसाठी शेवटची तारीख. रक्तदानासाठी जागा आणि वेळ. हरवलेल्या मुलासाठी चेहरा आणि फोन नंबर. तो सगळ्यात ठळक रंग फक्त तिथेच द्या. डिझाइनवाले ६०, ३०, १० असा एक ठोकताळा सांगतात. साठ टक्के जागा एका शांत रंगाला, तीस टक्के त्याला साजेशा दुसऱ्या रंगाला आणि दहाच टक्के जोर देणाऱ्या रंगाला. मोजमाप काटेकोर नाही, पण सवय चांगली आहे.

आपल्याकडे हिरव्या पार्श्वभूमीची आवड आहे, त्यामुळे हिरव्यावरचा हिशेब माहीत असलेला बरा. वेबसाइट सगळ्यांना वाचता याव्यात म्हणून ठरलेल्या जागतिक निकषांत अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं गुणोत्तर साध्या अक्षरांसाठी किमान ४.५ आणि मोठ्या अक्षरांसाठी किमान ३ असावं असं म्हटलं आहे. एक गडद हिरवा घेऊ, ज्यात लाल ०, हिरवा १०० आणि निळा ०. त्यावर पांढरी अक्षरं ठेवली तर गुणोत्तर सुमारे ७.४ येतं, पिवळी ठेवली तर सुमारे ६.९. आणि शुद्ध लाल अक्षरं ठेवली तर फक्त १.९ च्या आसपास. म्हणजे ज्या लाल रंगाला आपण सगळ्यात ठळक समजतो, तो हिरव्यावर सगळ्यात अवघड वाचला जातो. पांढऱ्या कागदावर पिवळी अक्षरं तर त्याहून वाईट, जेमतेम १.१.

हे आकडे लक्षात ठेवायची गरज नाही. एक सोपी परीक्षा आहे. पोस्टर तयार झालं की त्याची एक प्रत काळी-पांढरी करून पाहा. शेवटची तारीख तरीही पहिल्या नजरेत दिसली तर पास. ती पार्श्वभूमीत विरघळली तर रंग बदला. मग मोबाईल हातभर लांब धरून पुन्हा पाहा, कारण घरातले बुजुर्ग तसंच बघणार आहेत.

ज्यांना लाल-हिरवा वेगळा दिसत नाही

आणखी एक कारण आहे. युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण १२ मागे एकाला लाल आणि हिरवा ओळखायला अडचण येते, बायकांत हे प्रमाण २०० मागे एकच्या जवळपास आहे. इतर समाजांत आकडे कमी-जास्त होतात, पण असे लोक सगळीकडे असतात. हा गुण एक्स गुणसूत्रावरून येतो. मुलाला तो आईकडून मिळतो, आईला स्वतःला बहुधा काहीच त्रास नसतो. कित्येक मुलांना नोकरीच्या वैद्यकीय तपासणीपर्यंत हे ठाऊकच नसतं.

आता रमजानचं वेळापत्रक घ्या. सहरीची वेळ लाल, इफ्तारची हिरवी, तिन्ही अशरे तीन रंगांत, जुम्मा चौथ्या रंगात. रोजेदार झोपेतून उठून त्यात आजची ओळ शोधतो. ज्याला लाल-हिरव्यात फरक दिसत नाही त्याला दोन्ही रकाने जवळपास सारखे. त्यामुळे रंगावर एकट्यावर विसंबू नका. रकान्याच्या डोक्यावर ‘सहरी’, ‘इफ्तार’ ठळक लिहा, फक्त जुम्म्याच्या ओळींना हलकी पट्टी द्या, बाकी सगळं पांढऱ्यावर काळं ठेवा. लाल-हिरव्याऐवजी निळा आणि नारिंगी ही जोडी बहुतेकांना वेगळी ओळखता येते.

छापायचं असेल तर एक सूचना. पडदा प्रकाशाने रंग बनवतो, छपाई निळसर, किरमिजी, पिवळ्या आणि काळ्या शाईने. पडद्यावरचा चमकता पोपटी किंवा झगझगीत निळा शाईतून तसा उतरत नाही, मंद पडतो. फ्लेक्स किंवा पत्रिका छापण्याआधी एक नमुना काढून मागा.

जोर देणं आणि फसवणं

इथपर्यंत तंत्र झालं. पण रंगाने नजर वळवता येते, म्हणजेच ती चुकीच्या जागीही वळवता येते.

जून १९९४ मध्ये अमेरिकेत ओ. जे. सिम्पसन या कृष्णवर्णीय माजी खेळाडूला खुनाच्या आरोपाखाली अटक झाली. पोलिसांनी काढलेला त्याचा एकच फोटो ‘टाइम’ आणि ‘न्यूजवीक’ या दोन साप्ताहिकांनी मुखपृष्ठावर घेतला. ‘न्यूजवीक’ने तो जवळपास जसाच्या तसा छापला. ‘टाइम’च्या मुखपृष्ठावर चेहरा बराच काळवंडलेला आणि कडा अंधारात बुडालेल्या होत्या. दोन्ही अंक स्टॉलवर शेजारी लागले आणि फरक सगळ्यांना दिसला. खटला अजून उभाही राहिला नव्हता, पण काळ्या माणसाला आणखी काळा करून गुन्हेगार ठरवलं, अशी टीका झाली. त्या फोटोत एकही वस्तू जोडलेली वा काढलेली नव्हती. मुख्यतः रंग आणि उजेड बदलले होते.

ही गोष्ट आपल्याला परकी वाटू नये. फॉरवर्ड होणाऱ्या गर्दीच्या फोटोत एकच झेंडा झगझगीत आणि बाकी सगळं धूसर दिसलं, तर थांबून विचारावं की माझी नजर तिथे कुणी नेली आणि का? सबंध फोटोत आणखी काय आहे? मूळ फोटो कुठे मिळतो? हा प्रश्न दुसऱ्यांच्या फॉरवर्डला लावायचा तसाच आपल्या बाजूने आलेल्या फोटोलाही लावायला हवा. बातमीचा फोटो असेल तर उजेड-अंधार थोडा नीट करणं वेगळं आणि अर्थ बदलणं वेगळं.

घरातही हा प्रश्न येतो. रिश्त्यासाठी मुलीचा फोटो पाठवताना स्टुडिओवाला न विचारता चेहरा दोन छटा गोरा करून देतो. त्यातून मुलीला काय संदेश जातो? तिचा खरा रंग लपवण्यासारखा आहे, हा. आणि समोरच्या कुटुंबालाही आपण खरं दाखवलेलं नसतं. फोटोतला ट्यूबलाइटचा हिरवेपणा काढा, सावली हलकी करा, त्यात काही वावगं नाही. कातडीचा रंग मात्र आहे तो राहू द्या. धंद्यातही तेच. ड्रेस मटेरियलचा रंग फोटोत वेगळा आणि पार्सलमध्ये वेगळा निघाला तर गिऱ्हाईक एकदाच येतं. कापड खिडकीच्या उजेडात मोबाईलशेजारी धरून रंग जुळतो का बघा, मगच फोटो टाका.

तेव्हा पुढचं पोस्टर पाठवण्याआधी तीन गोष्टी तपासा. सगळ्यात ठळक रंग सगळ्यात गरजेच्या गोष्टीवर आहे का? काळ्या-पांढऱ्या प्रतीतही ती वाचता येते का? आणि जे दाखवलं ते तसंच आहे का? तिन्हींचं उत्तर हो आलं की खुशाल पाठवा. देणगीदारांचे फोटो थोडे लहान झाले तरी ते समजून घेतील. शेवटची तारीख मात्र त्या मुलीपर्यंत पोचली पाहिजे.